पुरुमेंतावर जगणारं हृदय

जुलैतली संध्याकाळ, गोव्यात आमच्या डिचोलीत लाईट गेलेली. आमच्या शेजारचा १३ वर्षांचा मुलगा न्हाणीघरातून बाहेर येताना धाडकन पडला. आठवड्यात तिसऱ्यांदा. उजेडात तो चालायचा, जरा पाय फाकवून, पण चालायचा. अंधार झाला किंवा तोंड धुताना डोळे मिटले की तोल गेलाच. शाळेत पोरं ‘बेवडा’ म्हणून चिडवत. घरच्यांना वाटे, उंची वाढायच्या वयात मुलं अशी धांदरट होतातच.

डॉक्टरांनी गुडघ्याखाली हातोडी मारली. पाय जागचा हलला नाही. मग थरथरता ट्यूनिंग फोर्क घोट्याच्या हाडावर टेकवून विचारलं, “काय जाणवतंय?” तो म्हणाला, “थंड लागतंय.” थरथर त्याला कळतच नव्हती. पाय कुठे आहे ही खबर मज्जारज्जूतून मेंदूकडे नेणाऱ्या नसा झिजल्या की माणूस डोळ्यांच्या आधारावर चालतो. म्हणून अंधार त्याला आडवा करतो. डॉक्टरांनी जनुकीय तपासणी लिहिली आणि त्याखाली ईसीजी, इको. आई म्हणाली, “डॉक्टर, दुखणं पायांचं आहे, मग छातीचं काय काढलंत?”

प्रश्न रास्त आहे. आजाराचं नाव फ्रीडरिक अटॅक्सिया. जर्मनीत हायडेलबर्गला निकोलाउस फ्रीडरिक यांनी १८६३ पासून त्याचं वर्णन लिहिलं, आणि नाव पडलं ते चालीवरून: अटॅक्सिया म्हणजे हालचालींचा ताळमेळ सुटणं. पण या आजारात मृत्यू येतो तो निम्म्याहून अधिक वेळा हृदयामुळे.

मूळ सापडायला १९९६ साल उजाडलं. नवव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात डीएनएची जीएए ही तीन अक्षरं तोतऱ्यासारखी पुन्हा पुन्हा येतात. निरोगी माणसात ही आवर्तनं सहसा ३३ च्या आत असतात, रुग्णात कित्येक शे, कधी हजाराच्या वर. गंमत म्हणजे बहुतेक रुग्णांत प्रथिन बनवायची पाककृती शाबूत असते, फक्त ते पान नीट उघडत नाही. परिणामी फ्रॅटॅक्सिन नावाचं प्रथिन फार थोडं बनतं. आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच आजार होतो. एकच बिघडलेली प्रत असलेली माणसं ठणठणीत असतात. म्हणून ‘आमच्या घराण्यात असलं काही नाही’ या वाक्याला इथे अर्थ नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी: सगळी जनुकं वाचणाऱ्या नेहमीच्या महागड्या चाचणीत ही लांबलेली आवर्तनं निसटू शकतात. त्यांच्यासाठी वेगळी चाचणी सांगावी लागते.

फ्रॅटॅक्सिनचं काम चालतं मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात. तिथे लोह आणि गंधक जोडून बारीक पुंजके बनतात, आणि ऊर्जा तयार करणाऱ्या यंत्रणेचे कितीतरी भाग या पुंजक्यांवाचून अडतात. फ्रॅटॅक्सिन कमी पडलं की जोडणी रखडते आणि लोह आत साचत जातं. आम्हा डिचोलीकरांना हे समजावून सांगायला नको. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा धक्क्यांवर खनिजाचे लाल ढीग तसेच पडून होते, ते वाहून नेणाऱ्या बार्ज मात्र रिकाम्या. पेशीतही असंच होतं. ज्या उंदरांच्या हृदयातून फ्रॅटॅक्सिन काढून टाकलं होतं, त्यांच्या मायटोकाँड्रियात लोहाचा साठा आणि बाहेरच्या पेशीद्रवात लोहाचा दुष्काळ दिसला. पेशीला वाटतं लोह कमी आहे, म्हणून ती रक्तातून आणखी ओढून घेते! लोह उपसून काढणारं एक औषध रुग्णांना देऊन पाहिलं गेलं, तर जास्त मात्रेत त्यांची चाल आणखी बिघडली.

हृदयालाच याचा एवढा फटका का? ते दिवसाला सुमारे लाखभर वेळा धडधडतं, सुट्टी नाही. हृदयाच्या स्नायुपेशीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग मायटोकाँड्रियानेच व्यापलेला असतो.

आता मला सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट. अडचणीत आलेली पेशी नुसती उपाशी बसत नाही, ती काटकसर सुरू करते. प्रथिनं बनवायचं काम एकूणातच मंद करते आणि संकटात लागणारी मोजकी जनुकं तेवढी चालू ठेवते. याला पेशीचा ताण-प्रतिसाद म्हणतात. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा घर पुरुमेंतावर, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवून ठेवलेल्या जिनसांवर चालतं: सुके बांगडे, सुंगटं (कोळंबी), खारातली तोरं (कैऱ्या). दोन महिने ते चवीनेही खाल्लं जातं. पण ऑगस्ट आला, दिवाळी आली, तरी होड्या समुद्रात गेल्याच नाहीत तर? फ्रॅटॅक्सिन नसलेल्या उंदरांच्या हृदयात हा प्रतिसाद सुरू होतो आणि थांबत नाही. हृदयाच्या स्नायूला तर झिजलेली प्रथिनं सतत बदलावी लागतात. तिथे कायमची काटकसर महागात पडत असावी. मात्र हा प्रतिसाद हृदयाला किती वाचवतो आणि किती पोखरतो, यावर संशोधकांचं अजून एकमत नाही. तो सरसकट दाबून टाकणं म्हणजे भर पावसाळ्यात पुरुमेंत फेकून देणंही ठरू शकतं.

रुग्णाच्या इकोत बहुधा आधी हृदयाची भिंत जाड झालेली दिसते. पुढे काहींमध्ये स्नायूच्या जागी तंतू भरत जातात, पंप दुबळा होतो, ठोके अनियमित होतात.

अमेरिकेत फेब्रुवारी २०२३ मध्ये ओमाव्हेलॉक्सोलोन या पहिल्या औषधाला मंजुरी मिळाली, १६ वर्षं आणि त्यावरच्या रुग्णांसाठी. ते पेशीची ऑक्सिडीकरणाविरुद्धची संरक्षणफळी जागी करतं. पण त्याच्या मुख्य चाचणीत गंभीर हृदयविकार असलेले रुग्ण घेतलेच नव्हते, त्यामुळे हृदयाच्या बाबतीत त्यावर विसंबता येत नाही. २०१४ मध्ये फ्रॅटॅक्सिनचं जनुक निरुपद्रवी विषाणूतून सोडल्यावर आजारी उंदरांचं हृदय पूर्ववत झालं होतं, आणि माणसांवरच्या सुरुवातीच्या चाचण्याही आता सुरू झाल्या आहेत. त्यातही मेख आहेच: उंदरांच्या हृदयात फ्रॅटॅक्सिन फारच वाढलं तर तेही विषारी ठरतं.

राहिला आईचा प्रश्न. एरवी हृदय थकलं की जिना चढताना धाप लागते आणि माणूस डॉक्टर गाठतो. ज्याला जिनाच चढता येत नाही, जो व्हीलचेअरवर आहे, त्याला धाप लागणार कधी? पायांचं दुखणं छातीचं दुखणं झाकून ठेवतं. म्हणून तक्रार नसतानाही दरवर्षी ईसीजी आणि इको.

मुलाच्या पहिल्या इकोत भिंत थोडी जाड निघाली. न्हाणीघरात आता चार्जिंगचा दिवा आहे. इकोची तारीख आई मे महिन्यातली मागून घेते. पुढे पाऊस लागला की ओल्या अंगणातून त्याला गाडीपर्यंत नेणं जमत नाही.