फोटोची माहिती फोटोतच: काम देण्याआधी एवढं वाचा

फोटोंवर माहिती लिहून संग्रह नीट लावून घ्यायला आमच्याकडे येणारे बहुतेक जण आधी विचारतात, "कुठलं सॉफ्टवेअर चांगलं?" आम्ही उलट विचारतो, की तुम्ही बसून नावं, प्रसंग, जागा टाइप कराल, ते साठणार कुठे? सॉफ्टवेअरच्या पोटात की फोटोच्या फाइलमध्ये? पिकासा हे फोटो लावायचं सॉफ्टवेअर आठवत असेल. गूगलनं ते २०१६ मध्ये बंद केलं आणि त्यात रचलेले अल्बम नव्या सॉफ्टवेअरला ओळखता आले नाहीत, कारण ती रचना पिकासाच्या स्वतःच्या नोंदींत होती.

फाइलमध्ये चित्राबरोबर मजकुरालाही जागा असते. तारीख, वेळ, लेन्स, फोनवर काढला असेल तर ठिकाण, हे कॅमेराच लिहितो. याला एक्झिफ म्हणतात आणि ते १९९५ पासून आहे. माणसानं लिहायच्या ओळी आणि कीवर्ड, म्हणजे फोटो शोधायचे शब्द, यांसाठी आयपीटीसी नावाच्या पद्धतीचे रकाने आहेत, ते वृत्तसंस्थांच्या गरजेतून आले. अडोबीनं २००१ मध्ये आणलेलं एक्सएमपी, म्हणजे अशीच माहिती लिहायची नवी पद्धत, त्यानंतरची.

मराठीत लिहिणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. आयपीटीसीच्या जुन्या रचनेत एका कीवर्डला ६४ बाइटच (बाइट म्हणजे साठवणुकीचं माप) मिळतात. इंग्रजीत ते पुरतात, पण युनिकोड मराठीत अक्षर तीन बाइट खातं आणि काना, मात्रा, वेलांटी यांचे तीन-तीन वेगळे. 'सेवानिवृत्तीचा निरोप समारंभ' हे ७७ बाइट होतात. नियम काटेकोर पाळणारं सॉफ्टवेअर ते 'सेवानिवृत्तीचा निरोप स' इथेच कापतं. एक्सएमपीत ही अडचण नाही, म्हणून आम्ही मराठी नोंदी एक्सएमपीत करतो आणि जुन्या रकान्यासाठी कीवर्ड आखूड ठेवतो: 'निरोप समारंभ' पुरे.

आता सॉफ्टवेअर. डिजिकॅम मोफत आहे आणि घरच्या संग्रहाला भरपूर झालं, फक्त सेटिंगमध्ये माहिती फाइलमध्ये लिहिण्याचा पर्याय चालू आहे ना, ते पाहा. लाइटरूम क्लासिक सगळं आधी आपल्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे स्वतःच्या नोंदवहीत, ठेवतं. फोटो निवडून कंट्रोल-एस दाबलं की ते फाइलमध्ये उतरतं, हे अनेकांना वर्षानुवर्षं माहीत नसतं. रॉ फोटो (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न करता कच्चा ठेवलेला) असेल तर शेजारी त्याच नावाची छोटी एक्सएमपी फाइल तयार होते. कचरा समजून ती उडवू नका, तुमची मेहनत तिच्यातच असते. हजारो फोटोंवर एकदम काम करायचं तर आम्ही एक्झिफटूल वापरतो. त्याला बटणं नाहीत, आज्ञा टाइप कराव्या लागतात. शिकायला रुक्ष, पण त्याच्यावर आमचा सगळ्यात जास्त भरवसा.

सगळ्यात जास्त वेळ खातात त्या तारखा. बॅटरी संपून कॅमेऱ्याचं घड्याळ मागे गेलं, की अख्खी सहल भलत्याच वर्षात जाऊन बसते. अशा वेळी एका फोटोची खरी वेळ सांगता आली तरी पुरतं. जितका फरक तितकं आम्ही सगळ्या फोटोंना सरकवतो. एकाच कार्यक्रमाला दोन कॅमेरे असतील तर सुरुवातीला दोन्हींनी एकाच घड्याळाचा फोटो काढून ठेवा. स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंवर स्कॅनिंगचीच तारीख येते, तेव्हा मागच्या बाजूला पेन्सिलीनं काही लिहिलेलं असेल तर तीही बाजू द्या. नुसतं वर्ष ठाऊक असलं तरी चालेल.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. नेहमीच्या पद्धतीनं पाठवलेला फोटो लहान होतो आणि एक्झिफ गळून जातं. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर कार्ड किंवा पेनड्राइव्ह आणून द्या. गूगल फोटोजमधून टेकआउट काढलं असेल, म्हणजे सगळे फोटो एकदम उतरवून घेतले असतील, तर फोटोंबरोबरच्या जेसन (.json) फाइलीही हव्यात. तिथे तुम्ही नंतर लिहिलेली वर्णनं त्यांतच असतात.

मूळ फाइलींना आम्ही हात लावत नाही, काम प्रतींवर होतं. लोकांना वाटण्यासाठी वेगळा संच हवा असेल तर आधी सांगा, त्यातून घराचं ठिकाण पुसून देतो.