ग्रुनवाल्डला लिथुआनियन खरंच पळाले होते का?

अलेक्झांडर फोर्ड यांच्या १९६० सालच्या ग्रुनवाल्डची लढाई दाखवणाऱ्या ‘क्शिझात्सी’ या पोलिश युद्धपटाबद्दल प्रेक्षकांत आजही दोन तट आहेत. कुणी रणांगणाच्या भव्यतेने भारावतं, कुणाला त्यात जर्मनद्वेषाचा प्रचार दिसतो. मतं असू द्यात. पण या वादांत एक जुना समज हमखास डोकावतो: १५ जुलै १४१०च्या या लढाईत पोलिशांच्या बाजूने लढणारे लिथुआनियन घाबरून पळाले आणि एकट्या पोलिशांनी ट्यूटॉनिक सरदारांना, म्हणजे जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाला, हरवलं.

हा समज मुख्यतः इतिवृत्तकार यान द्वुगोश यांच्यामुळे रुजला. त्यांचा जन्मच १४१५चा, म्हणजे लढाईनंतरचा! १९६३मध्ये स्वीडिश इतिहासकार स्वेन एकडाल यांनी लढाईनंतर काहीच वर्षांनी लिहिलेलं एक पत्र उजेडात आणलं. ट्यूटॉनिक संघाच्या प्रमुखाला त्यात बजावलं होतं, की शत्रूच्या एकदोन तुकड्या मुद्दाम मागे हटतील, त्यांचा पाठलाग करताना रांगा मोडू देऊ नका. ग्रुनवाल्डच्या मोठ्या लढाईत हेच घडलं होतं, असंही त्यात म्हटलं होतं. आपल्याकडे याला हूल देणं म्हणतात. त्यामुळे आज बरेच इतिहासकार ती माघार डावपेच मानतात. सगळे नाही, पण भित्रेपणाचा शिक्का मारणं लिथुआनियनांवर अन्यायच आहे.

आणि ‘पोलिश विरुद्ध जर्मन’ म्हणाल, तर पिआस्त या पोलिश राजघराण्यातला ओलेश्नित्साचा राजपुत्र कोनराड ट्यूटॉनिकांच्याच बाजूने लढला होता.