जुन्या जीपला कोणता स्टेअरिंग बॉक्स बसवाल?

घरीच जीप बांधणारे बरेच जण थेट नवा स्टेअरिंग बॉक्स (स्टेअरिंगचे फिरणे चाकांकडे पोचवणारी गिअरची पेटी) मागायला आमच्याकडे येतात. आम्ही त्यांना आधी गाडीखाली पाहायला सांगतो. इंजिन बंद ठेवून एकाने स्टेअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवायचे, दुसऱ्याने पिटमन आर्मवर, म्हणजे बॉक्समधून निघणाऱ्या आखूड दांड्यावर, नजर ठेवायची. स्टेअरिंग फिरते पण आर्म जागचा हलत नाही, तर दोष बॉक्सचा. आर्म हलतो आणि चाके हलत नाहीत, तर ड्रॅग लिंक (आर्मपासून पुढे जाणारा दांडा), बेलक्रँकचे (त्या दांड्याची हालचाल चाकांकडे वळवणाऱ्या मधल्या तुकड्याचे) बुश, टायरॉड एंड (चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांची टोके) तपासा. विलीज (मूळ अमेरिकी लष्करी जीप) पद्धतीच्या जीपमध्ये बेलक्रँक हमखास ढिला होतो. त्याचे बुश बॉक्सच्या मानाने स्वस्त. तेवढ्यावर भागले तर आमची विक्री बुडते, बुडू दे.

या जीपच्या मूळ रॉस बॉक्समध्ये कॅमच्या (स्टेअरिंगबरोबर फिरणाऱ्या, खाच असलेल्या दांड्याच्या) खाचेत लिव्हरच्या पिना फिरतात. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, त्यामुळे कॅम मधोमध जास्त झिजतो. बाजूच्या झाकणावरचा स्क्रू आवळून मधला प्ले (ढिलेपणा) काढला, तर पूर्ण वळणावर स्टेअरिंग जड होते, अडकतेसुद्धा. असा कॅम बदलावाच लागतो. झीज किरकोळ असेल तर चाके सरळ ठेवूनच स्क्रू आवळा. आत गिअर ऑइल भरा. ग्रीस बाजूला सरकून बसते आणि पिना कोरड्या पडतात.

पॉवर स्टेअरिंगचा बॉक्स हवा असेल तर हाताला हलका लागतो एवढ्यावर भुलू नका. आर्म कोणत्या दिशेला फिरतो, त्याची लांबी किती, ड्रॅग लिंकचा कोन कसा येतो, हे आधी मोजा. कोन चुकला तर खड्ड्यात स्प्रिंग दबताच गाडी आपोआप एका बाजूला ओढते. अमेरिकेतल्या हॉट रॉडवाल्यांचे (जुन्या गाड्या बदलून बांधणाऱ्यांचे) आवडते व्हेगा आणि मस्टँग गाड्यांचे बॉक्स डाव्या बाजूच्या स्टेअरिंगसाठी बनले आहेत. तसा बॉक्स उलटा करून उजवीकडे बसवला, तर स्टेअरिंग डावीकडे फिरवल्यावर चाके उजवीकडे वळू शकतात!

पिटमन आर्म किंवा ड्रॅग लिंक तापवून वाकवणे, वेल्डिंगने जोडणे आमच्याकडे होत नाही. चासीला (गाडीच्या सांगाड्याला) बॉक्सजवळ तडा असेल तर आधी तो दुरुस्त करा.

कंपनीच्या मूळ रचनेत बदल करायचा तर मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ आड येते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा अर्थ कडकच लावला आहे. म्हणून आरटीओत आधी विचारून घ्या, मगच बॉक्स विकत घ्या.

येताना जुना आर्म आणि चासीच्या भोकांची मापे घेऊन या.