खर्रा का सुटत नाही: निकोटीनच्या शोधाची पार्श्वभूमी

सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून नागपूरच्या पानठेल्यांवर खर्रा तयार होतो. 2012 मध्ये राज्यात गुटखाबंदी आली, तरी खर्ऱ्याची सवय विदर्भात टिकून आहे. 'मनावर घेतलं की सुटतो' असं घरचे सांगत राहतात. पण मन ज्या मेंदूत घडतं, तिथली रसायनंच या सवयीने बदललेली असतात. हे विज्ञानाला कळलं त्यात तंबाखूतल्या निकोटीनचाच मोठा हात आहे.

1828 मध्ये हायडेलबर्गला पोसेल्ट आणि राइमान यांनी तंबाखूतून निकोटीन वेगळं काढलं. पुढे केंब्रिजच्या जॉन लँगली यांनी ते प्रयोगाचं हत्यारच केलं. 1905 मध्ये त्यांनी दाखवलं की स्नायूकडे जाणारी नस कापून ती पूर्ण निकामी झाली, तरी निकोटीनने स्नायू आखडतो आणि क्युरारी हे विष दिलं की तो परिणाम दबतो. म्हणजे ही दोन्ही द्रव्यं नसेवर काम करत नव्हती. स्नायूच्या पेशीतच रसायन ओळखणारं काहीतरी आहे, असा निष्कर्ष लँगलींनी काढला. आज आपण ज्याला रिसेप्टर म्हणतो, त्या कल्पनेची ही एक सुरुवात.

तरीही एक चेतापेशी पुढच्या पेशीला निरोप देते तो विजेने की रसायनाने, हा वाद चालूच होता. 1921 मध्ये ऑटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयाचा वेग कमी करणारी नस उत्तेजित केली, त्या हृदयाभोवतीचं द्रव दुसऱ्या हृदयाला दिलं, आणि तेही मंदावलं. निरोप द्रवातून गेला होता! ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलिन. त्याचे परिणाम दोन तऱ्हांचे असतात, एक निकोटीनसारखे आणि दुसरे मस्करीन या अळिंबीतल्या विषासारखे, हे हेन्री डेल यांनी 1914 मध्येच नोंदवलं होतं. 1936 चं नोबेल दोघांना मिळालं. खर्ऱ्यात हे दोन्ही गट एकत्र येतात: तंबाखूतलं निकोटीन पहिल्या प्रकारच्या रिसेप्टरवर बसतं, सुपारीतलं ॲरेकोलिन मुख्यतः दुसऱ्या. चुन्याने मिश्रण अल्कधर्मी होतं, त्यामुळे निकोटीन गालाच्या आतल्या त्वचेतून लवकर रक्तात उतरतं.

मेंदूतल्या आणखी एका रसायनाचा, डोपामिनचा, धागा नंतर जुळला. सर्पगंधेतून मिळणाऱ्या रेसर्पिनने निपचित पडलेले ससे एल-डोपा (ज्यापासून शरीर डोपामिन बनवतं) दिल्यावर पुन्हा हालचाल करू लागतात, हे स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी 1957 मध्ये दाखवलं. डोपामिन हे स्वतंत्र संदेशवाहक आहे, हे त्यांच्याच कामातून पुढे आलं. निकोटीनसह अनेक व्यसनी द्रव्यं उंदरांच्या मेंदूच्या, सुखाच्या ओढीशी जोडलेल्या एका ठरावीक भागात डोपामिन वाढवतात, हे 1988 मध्ये इटलीतल्या प्रयोगांत दिसलं.

रोज निकोटीन मिळत राहिलं की मेंदूतले त्याचे रिसेप्टर संख्येने वाढतात. मग एक दिवस खर्रा बंद केला की ते रिकामे राहतात, आणि माणूस चिडतो, त्याचं लक्ष लागत नाही, झोप उडते. घरच्यांना हा हट्टीपणा वाटतो. मला वाटतं, त्या दिवसांत त्याला बोलणी नकोत, सोबत हवी, कारण सुरुवातीचे दिवसच सगळ्यात जड जातात.

2006 पासून वापरात असलेलं व्हरेनिक्लिन हे औषध याच ज्ञानावर उभं आहे. ते निकोटीनच्या रिसेप्टरवर बसून त्याला अर्धवटच जागं करतं, त्यामुळे तलफ कमी होते आणि वर निकोटीन घेतलं तरी त्याचा पूर्ण परिणाम मिळत नाही. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचं असतं. सुपारीची ओढ मात्र निराळी आहे, आणि तोंड उघडेनासं करणारा सबम्युकस फायब्रोसिस मुख्यतः सुपारीमुळेच होतो. म्हणून तंबाखू काढून नुसती सुपारी चघळत राहणं ही सुटका नव्हे.