शहरातलं घर नेमकं कुणाच्या यादीत? सरकारी घरं, संसदीय समित्या आणि इंदूर: एक पार्श्वभूमी

लोकसभेत घरांबद्दल प्रश्न विचारला की केंद्रीय गृहनिर्माण व शहरी व्यवहार मंत्रालयाच्या लेखी उत्तराची सुरुवात बहुधा एकाच वाक्याने होते: जमीन आणि वसाहत हे राज्यांचे विषय आहेत. मग मंजूर घरं किती, पूर्ण किती, निधी किती दिला, याचा तक्ता. इंदूरच्या बस्तीतून उठवून मल्टीत, म्हणजे सरकारी बहुमजली इमारतीत, आणलेल्या कुटुंबाचं पाणी चौथ्या मजल्यावर चढत नसेल, तर त्या तक्त्यात ते कुठेच दिसत नाही. ती माणसं पार्षदाकडे, म्हणजे नगरसेवकाकडे, जातात, पार्षद झोन कार्यालयाकडे बोट दाखवतो, झोनवाले म्हणतात मल्टी अजून आमच्याकडे हस्तांतरित झालेली नाही.

हे असं का होतं, याचं उत्तर एखाद्या अधिकाऱ्याच्या आळसात शोधून भागत नाही. दिल्लीला जाब विचारायची व्यवस्था आणि शहराच्या हाती सत्ता देणारी घटनादुरुस्ती, दोन्ही १९९३ सालच्या. खात्यांवर नजर ठेवणाऱ्या संसदेच्या स्थायी समित्या एप्रिलमध्ये स्थापन झाल्या, ७४ वी घटनादुरुस्ती १ जूनला लागू झाली. पहिली रुजली. दुसरी कागदावर पूर्ण आणि जमिनीवर अर्धवट राहिली. घराचा प्रश्न नेमका या दोन्हींच्या मधल्या जागेत पडला आहे.

इंदूरपुरतं बोलायचं तर गोष्ट बरीच जुनी आहे. होळकर संस्थानात इथली नगरपालिका १८७० ची. प्लेगने शहर हैराण झालं तेव्हा दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला बोलावलं, आणि १९१८ मध्ये त्याने दोन खंडांचा अहवाल दरबारला दिला. दाट वस्ती पाडून सरळ रुंद रस्ते काढायचे, ही त्या काळातल्या इंग्रज इंजिनिअरांची आवडती पद्धत. गेडिस तिच्या विरोधात होता. गल्लीगल्लीत हिंडून कोणतं घर ठेवायचं, कोणतं एखादंच पाडून मोकळी जागा करायची, हे तो ठरवत असे. घर पाडलं की माणसं नाहीशी होत नाहीत, शेजारच्या वस्तीत आणखी दाटीने राहतात, हे त्याने ओळखलं होतं. दिवाळीत त्याने शहरातून मिरवणूक काढली. त्यात घाणीचा राक्षस होता, प्लेगचा उंदीर होता, आणि मिरवणूक सगळ्यात स्वच्छ गल्ल्यांतून जाईल असं आधीच जाहीर केल्यामुळे लोकांनी आपापल्या गल्ल्या झाडून काढल्या. स्वच्छतेत देशात पहिलं येणाऱ्या आजच्या इंदूरने हे आवर्जून आठवावं. त्याहून जास्त आठवावी ती गेडिसची भूमिका, की घराचा निर्णय गल्लीत उभं राहून घ्यायचा असतो.

पुढे घडलं ते उलट. १९२४ मध्ये शहरासाठी सुधार न्यास आला. जमीन घेणं, प्लॉट पाडणं, कॉलोन्या वसवणं हे काम त्याच्याकडे गेलं. नळ, गटार, झाडू नगरपालिकेकडे राहिलं. मध्य प्रदेशाच्या १९७३ च्या नगर तथा ग्राम निवेश कायद्यानंतर न्यासाची जागा इंदूर विकास प्राधिकरणाने घेतली. त्याचा अध्यक्ष आणि मंडळ राज्य सरकार नेमतं. विकास आराखडा करणार राज्याचं संचालनालय, योजना टाकणार प्राधिकरण, आणि सगळं बांधून झालं की देखभालीला निगम, म्हणजे महापालिका. ही विभागणी आज इतकी अंगवळणी पडली आहे की ती कुणाला खटकतही नाही.

पैशाचंही तेच. मध्य प्रदेशाने १९७६ मध्ये चुंगी, म्हणजे जकात, रद्द केली आणि तिच्या जागी राज्याचा प्रवेश कर आणला. शहराच्या नाक्यावर शहराच्या हक्काने गोळा होणारा पैसा भोपाळला जाऊन ‘चुंगी क्षतिपूर्ती’ म्हणून परत येऊ लागला. किती आणि कधी यायचा, हे भोपाळ ठरवणार. आज निगमने बाजारात रोखे काढावेत, २०२३ मध्ये काढलेल्या हरित रोख्यांतून जलूदच्या सौर प्रकल्पासाठी २४४ कोटी उभे करावेत, हे कौतुकाचं आहेच. पण विजेचं बिल कमी करायला कर्ज काढणारी संस्था स्वतःच्या बळावर गरिबांची घरं बांधेल, अशी अपेक्षा कुणी ठेवू नये.

बस्त्यांचा इतिहास गिरण्यांच्या इतिहासाला जोडलेला. मालवा मिल, हुकुमचंद मिल, राजकुमार, कल्याण, स्वदेशी, भंडारी अशा कापड गिरण्यांमध्ये काम करायला आलेली माणसं जागा मिळेल तिथे, बऱ्याचदा कान्ह आणि सरस्वतीच्या नाल्यांकाठी राहिली. १९८४ मध्ये राज्याने नगरी भागातल्या भूमिहीनांना पट्टे देण्याचा कायदा केला. पन्नास चौरस मीटरपर्यंतची जागा, तिच्यावर कायदेशीर हक्काचा कागद. माझ्या मते स्वातंत्र्यानंतर या राज्यातल्या शहरी गरिबांसाठी झालेलं हे सगळ्यात महत्त्वाचं काम. तीस वर्षांनी प्रधानमंत्री आवास योजनेत ‘स्वतःच्या जागेवर स्वतः घर बांधा’ हा घटक आला, तेव्हा जागेचा कागद दाखवता येणाऱ्यांनाच त्याचा फायदा घेता आला. पट्टा नसलेल्यांना मल्टीची वाट पाहावी लागली.

दुसरा मोठा प्रयोग झोपडपट्ट्यांच्या जाळेबांधणीचा. ब्रिटिश मदतीतून, अभियंता हिमांशु पारिख यांच्या कल्पनेवर, १९९० च्या सुमारास तो सुरू झाला. बस्त्या बहुतेक नाल्यांच्या उतारावर असतात, म्हणून शहराची मलवाहिनीही त्याच नैसर्गिक उताराने न्यायची. रस्ते घरांच्या जोत्याखाली ठेवायचे, म्हणजे पावसाचं पाणी रस्त्यावरूनच वाहून जाईल. सार्वजनिक संडासाऐवजी घरोघरी संडास. बस्ती हा शहराचा डाग नसून शहराच्या जाळ्यातला दुवा आहे, हा त्यामागचा विचार. १९९८ मध्ये या कामाला आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. पण प्रकल्प राबवला प्राधिकरणाने आणि देखभाल आली निगमकडे. मलवाहिन्या तुंबल्या, तेव्हा त्या उपसायला पैसा आणि माणसं कुणी द्यायची, याचं उत्तर प्रकल्पाच्या कागदांत नव्हतं. विकेंद्रीकरण नसलं की चांगलं काम कसं मरतं, याचं एवढं स्पष्ट उदाहरण दुसरं नाही.

आता घटनेकडे. संविधान लिहिलं जात असताना स्थानिक सत्तेवर वाद झाला तो खेड्यांवरून. इंदूरजवळच्या महूत जन्मलेल्या डॉ. आंबेडकरांना खेड्याचं गोडगुलाबी चित्र मान्य नव्हतं. जातीच्या दडपणाखालचं खेडं त्यांनी पाहिलं होतं. तरीही नोव्हेंबर १९४८ मध्ये के. संथानम यांच्या दुरुस्तीने ग्रामपंचायतींचं कलम ४० आलं. शहरांसाठी असं कलमच नव्हतं. नगरपालिका हा राज्य सूचीतला एक विषय, एवढंच तिचं स्थान. राज्य तिला हवं तेव्हा बरखास्त करून प्रशासक बसवू शकत होतं, आणि अनेक शहरांत वर्षानुवर्षं तेच चाललं.

राजीव गांधींच्या सरकारने १९८९ मध्ये पंचायतींचं ६४ वं आणि नगरपालिकांचं ६५ वं दुरुस्ती विधेयक आणलं. लोकसभेत मंजूर झालेली ही विधेयकं ऑक्टोबरमध्ये राज्यसभेत पडली. राज्यांना बाजूला सारून केंद्र थेट खाली हात घालू पाहतंय, हा विरोधकांचा मुख्य आक्षेप. नरसिंह राव सरकारने १९९१ मध्ये पुन्हा विधेयकं आणली, तेव्हा ती दोन संयुक्त समित्यांकडे गेली. पंचायतींची नथुराम मिर्धांकडे, नगरपालिकांची के. पी. सिंहदेव यांच्याकडे. डिसेंबर १९९२ मध्ये दोन्ही मंजूर झाली. पण राज्यांची धास्ती शमवण्याची किंमत मोजावी लागली. निवडणुका, आरक्षण, पाच वर्षांची मुदत हे बंधनकारक झालं. कामं आणि अधिकार मात्र राज्य विधिमंडळ कायद्याने ‘देऊ शकेल’, इतकंच कलम २४३-डब्ल्यू म्हणतं.

याद्यांमध्ये एक गोष्ट आहे, जिच्याकडे फारसं लक्ष जात नाही. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत दहावा विषय ‘ग्रामीण गृहनिर्माण’ असा स्वच्छ लिहिलेला आहे. नगरपालिकांच्या बाराव्या अनुसूचीत अठरा विषय आहेत. नगररचना आहे, जमिनीच्या वापराचं आणि बांधकामाचं नियमन आहे, झोपडपट्टी सुधारणा आहे, अग्निशमन आहे, कत्तलखानेही आहेत. घर नाही. म्हणून खेड्यात घरकुलाच्या यादीवर निदान ग्रामसभेत बोलता येतं. शहरात ती यादी कुठल्या सभेपुढे यायची, हेच ठरलेलं नाही.

संसदेच्या समित्या याच काळात उभ्या राहिल्या. सुरुवातीला १७ होत्या, २००४ पासून २४ आहेत. प्रत्येकीत ३१ सदस्य, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. मंत्री सदस्य होऊ शकत नाही. बैठका बंद दाराआड होतात, त्यामुळे पक्षाच्या घोषणा थोड्या बाजूला राहतात आणि सचिवाला आकड्यांवर धरता येतं. खरी मौज कार्यवाही अहवालात. शिफारसींवर सरकारने काय केलं, हे त्यात प्रकरणवार लावलेलं असतं: स्वीकारलेल्या शिफारसी, उत्तर ऐकून समितीने सोडून दिलेल्या, उत्तर न पटल्यामुळे समितीने पुन्हा धरून ठेवलेल्या, आणि ज्यांचं पक्कं उत्तर अजून यायचं आहे अशा. शेवटची दोन प्रकरणं वाचली की खातं कुठे अडलंय ते कळतं. आपल्या वर्तमानपत्रांनी ती नियमाने छापावीत, असं मला मनापासून वाटतं.

इंदूरच्या मराठी वाचकांना या समित्यांचं काम परकं वाटू नये. १९८४ मध्ये शहराच्या उपमहापौर झालेल्या सुमित्राताई महाजन पंधराव्या लोकसभेत ग्रामीण विकास स्थायी समितीच्या अध्यक्ष होत्या. ग्रामविकास आणि पंचायती राज ही दोन्ही मंत्रालयं त्याच समितीकडे, म्हणजे इंदिरा आवासची घरकुलं आणि पंचायतींचे अधिकार एकाच टेबलावर. भूसंपादनाचं २०११ चं विधेयकही त्यांच्याकडेच आलं. खासगी कंपन्यांसाठी सरकारने जमीन संपादित करूच नये, अशी शिफारस समितीने मे २०१२ च्या अहवालात केली. सरकारने ती जशीच्या तशी मानली नाही. २०१३ च्या कायद्यात खासगी प्रकल्पांसाठी ८० टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीतल्या प्रकल्पांसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांच्या संमतीची अट आली. समितीचा शब्द सरकारवर बंधनकारक नसतो, पण तो लिहून ठेवलेला असतो.

शहरी घरांच्या बाबतीत समित्यांच्या कामाला दोन कुंपणं आहेत. रोजच्या कारभारात त्यांना लक्ष घालता येत नाही, आणि साक्षीला मुख्यतः केंद्राचं मंत्रालय असतं. २००५ च्या जवाहरलाल नेहरू नागरी नूतनीकरण अभियानातली शहरी गरिबांची बांधून रिकामी पडलेली घरं असोत की २५ जून २०१५ ला सुरू झालेली प्रधानमंत्री आवास योजना, मंजुरीची वाट तीच. निगम प्रस्ताव करतं, राज्यात मुख्य सचिवांची समिती तो पुढे पाठवते, दिल्लीत मंत्रालयाच्या सचिवांची समिती मंजूर करते. निगमच्या निवडून आलेल्या परिषदेचं मत या वाटेवर कुठेही निर्णायक नाही. मार्च २०२३ मध्ये स्थायी समितीने या योजनेचं मूल्यमापन संसदेपुढे ठेवलं. आहे त्याच जागी झोपडपट्टीचा पुनर्विकास हा घटक सगळ्यात मागे पडल्याचं आणि पूर्ण झालेली घरं मूलभूत सोयींअभावी ओस असल्याचं त्यात आहे. गेडिसने १९१८ मध्ये जे करू नका म्हटलं होतं, त्याचाच हा हिशेब.

इंदूरला मधल्या काळात नवं तंत्रज्ञान मिळालं. १ जानेवारी २०२१ ला देशातल्या सहा शहरांत ‘लाइट हाउस’ प्रकल्पांची पायाभरणी झाली, त्यात कनाडिया भागातली १,०२४ घरं होती, कारखान्यात तयार केलेल्या सँडविच पॅनेलच्या भिंतींची. पण त्या दिवशी इंदूरला निवडून आलेली परिषदच नव्हती. तिची मुदत २०२० च्या सुरुवातीला संपली होती आणि कारभार प्रशासकाकडे होता. आधी कोविड, मग आरक्षणाचा वाद. शेवटी मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्यायला लावल्या आणि जुलैत ८५ वॉर्डांचे पार्षद आणि महापौर आले. दोन वर्षांहून अधिक काळ शहराच्या घरांवर प्रश्न विचारायला इथे कुणी अधिकृत माणूस नव्हता, आणि दिल्लीतली समिती मात्र नियमाने भरत होती.

माणसांची वानवा कधीच नव्हती. २००० मध्ये थेट निवडून आलेले पहिले महापौर कैलाश विजयवर्गीय २०२३ च्या अखेरीपासून राज्याचे नगर विकास व आवास मंत्री आहेत. प्राधिकरणाचे माजी अध्यक्ष शंकर लालवानी लोकसभेत आहेत. शहराची माणसं तिन्ही पायऱ्यांवर पोचली. अधिकार मात्र त्या पायऱ्यांवरून खाली आले नाहीत. प्रधानमंत्री आवासचा दुसरा टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला आहे, आणखी एक कोटी कुटुंबांसाठी. त्याआधी बांधलेल्या मल्ट्यांची तपासणी करायला नवा कायदा लागत नाही. मध्य प्रदेश विधानसभेत स्थानिक निकाय आणि पंचायती राज लेखा समिती आहे. तिने निगम, प्राधिकरण आणि गृहनिर्माण मंडळ यांना एकाच दिवशी समोर बसवावं आणि हस्तांतरणाचे कागद मागावेत. आणि निगमच्या परिषदेत दर तीन महिन्यांनी मल्टीनिहाय अहवाल ठेवावा: किती घरं दिली, किती रिकामी, पाणी कितव्या मजल्यापर्यंत.