पंखा एकवर ठेवा नाहीतर पाचवर, बिल तेवढंच?

‘पंखा हळू केला तरी वीज तेवढीच जळते,’ असं घरोघरी सांगितलं जातं. ही समजूत अगदीच हवेतून आलेली नाही. जुने रेग्युलेटर आठवा: मोठा खोका, हात लावला तर गरम. पंख्याची वाचलेली बरीचशी वीज त्या खोक्यातच उष्णता होऊन जायची. तरीही एकूण वापर थोडा कमीच व्हायचा. आताचे छोटे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर जवळजवळ तापत नाहीत. त्यामुळे वेग उतरला की वापरही खरोखर उतरतो.

खात्री मीटरवरच होते. फ्रिजसकट सगळं बंद करून एकच पंखा पाचवर लावा आणि मीटरचा लाल दिवा किती सेकंदांनी लुकलुकतो ते मोजा. मीटरवर ३२०० छापलं असेल, तर ३२०० लुकलुकींचं एक युनिट. ७५ वॅटच्या पंख्याला साधारण १५ सेकंदांचं अंतर पडतं. मग पंखा दोनवर आणा. अंतर वाढलेलं दिसेल. (इन्व्हर्टर असेल तर तोही बंद हवा, नाहीतर हिशोब चुकतो.)

बचत मात्र माफकच. ७५ वॅटचा पंखा दहा तासांत पाऊण युनिट घेतो, त्यातलाच काही भाग वाचणार.