नवी भिंत जुन्या भिंतीत गुंतवली की तडा जात नाही, हे खरे आहे का?

कोकणातल्या जुन्या, अपुऱ्या पडणाऱ्या घराला खोली वाढवताना एक सल्ला हमखास पुढे पाठवला जातो: नवी भिंत जुन्या चिऱ्यांत सळया ठोकून घट्ट गुंतवली की तडा जात नाही. घट्ट ते टिकाऊ, हा विचार स्वाभाविक असला तरी येथे तो लागू पडत नाही.

जुन्या घराखालची जमीन अनेक पावसाळ्यांत दबून स्थिरावलेली असते, तर नव्या पायाखालची माती भार आल्यावर, विशेषतः पहिल्या एकदोन पावसाळ्यांत, थोडी खचते. दोन्ही भिंती एकमेकींत अडकवलेल्या असल्या तर या खचण्याचा ताण मातीत किंवा चुन्यात बसवलेल्या चिऱ्यांवर येतो आणि तडा सांध्याऐवजी जुन्या भिंतीतूनच, बहुधा खिडकीच्या कोपऱ्यापासून, तिरका जातो. म्हणून वाढीव खोलीला स्वतंत्र पाया व स्वतंत्र भिंत देऊन मध्ये सुमारे २५ मिलिमीटरची फट ठेवावी, ती लवचीक भरावाने बुजवावी आणि वर पत्र्याची झाकपट्टी बसवावी. (झाकपट्टीत केलेली काटकसर आषाढातच कळते.)

याची खातरजमा घरीही करता येते. शेजारीपाजारी अशा गुंतवलेल्या भिंतींत तडा दिसल्यास त्यावर काचेची पातळ पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोके सिमेंटने पक्की करावीत व तारीख लिहावी. पावसाळ्यानंतर काच फुटलेली आढळली, तर भिंती अजून हलत आहेत. नवा पाया जुन्यापेक्षा खोल न्यावा लागणार असेल, तर मात्र खणण्यापूर्वीच अभियंत्याला दाखवावे.